कवितेची त्रेचाळीस पुस्तकं आणि एक पासवर्ड

मला फसवलं ते वाशीमच्या संगणकवाल्या सरांनी. त्यांनी माझ्या वाचनालयातली कवितेची त्रेचाळीस पुस्तकं नेली आणि बदल्यात मला एक पासवर्ड दिला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी बऱ्याच ठिकाणी हसणार आहे आणि हसणाऱ्या बाईची तक्रार कोणी खरी मानत नाही.

मी सहजी फसणारी बाई नाही. माझ्या बापाची भाजीपाल्याची शेती होती आणि दहाव्या वर्षापासून मी अनसिंगच्या बाजारात वांग्याच्या ढिगामागे बसले आहे. गिऱ्हाईक लांबून चालत येताना मला कळायचं, हे घासाघीस करणार की नुसतंच वांगी दाबून जाणार. लग्न होऊन या गावात आले तेव्हा वाचनालय झाडायचं काम मिळालं. झाडायला तास पुरायचा, उरलेला वेळ मी वाचत बसायचे. मग ग्रंथपालनाची परीक्षा दिली. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास झाले, आणि ज्या खुर्चीखालचा केर काढत होते तिच्यावर बसले. कोणाची शिफारस नव्हती. म्हणून त्या खुर्चीबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की माझं डोकं सटकतं. गावाला ते माहीत आहे.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागच्या दोन खोल्या. वाचकांना हव्यात खुनाच्या कादंबऱ्या, भुताच्या कादंबऱ्या, आणि लोणच्याची पुस्तकं. कवितेची त्रेचाळीस पुस्तकं खिडकीशेजारच्या कप्प्यात बसून असायची, स्थळ न आलेल्या पोरींसारखी. मला माल पडून राहिलेला बघवत नाही. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, आणि भाजी घेतली की थोडा सांभार वरून टाकल्याशिवाय गिऱ्हाईक जागचं हलत नाही. तेच मी वाचनालयात सुरू केलं. एक कादंबरी घेतली की कवितेचं एक पुस्तक वरून. घ्यावंच लागेल. वाचा, नका वाचू, पण दोन्ही सोबत परत आणायची.

पहिली सापडली गिरणीवाली काकू. गावातली पिठाची गिरणी ती एकटी चालवते आणि भुवयांपर्यंत पांढरी असते. तिच्या खुनाच्या कादंबरीवर मी एक निळ्या पुठ्ठ्याचं बारीकसं पुस्तक ठेवलं.

"हे काय व?"

"वरून."

"मले नोको कविता-बिविता."

"मंग कादंबरी बी नोको. ठेव खाली."

"कायची जबरदस्ती हाय व ही? वाचनालय हाय, तुह्या बापाचं वांग्याचं वावर नाई!"

"वांग्यावर सांभार घेते तवा नाई म्हणत नोको म्हणून?"

"सांभार खाता येते."

"हे बी खाता येते. हळूहळू खा."

शिव्या घालत घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात दोन्ही पुस्तकं परत आली. मी पुन्हा वरून देताना ती म्हणाली, "दे काही बी. थे निळंवालंच दे, पिशवीत मावते." मी म्हटलं, बरं. मला काय, माल हलतोय ना.

असं चाललं होतं आणि मग वाशीमला प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. जिल्ह्यातली छोटी वाचनालयं एका ऑनलाइन यादीत जोडायची होती. वाशीममधल्या एका मोठ्या वाचनालयात आम्ही बाराजण जमलो. शिकवणारे सर इतके तरुण की त्यांच्यापेक्षा माझी छत्री जुनी. पण शिकवायचे छान, हे मी रागात असतानाही कबूल करते. माउस हातात दिला तर माझा बाण पडद्यावरून पळून गेला आणि परत येईना. सर म्हणाले, "मॅडम, हलक्या हाताने. पिकलेला टोमॅटो धरल्यासारखा." त्यांना माझ्या पूर्वायुष्याबद्दल काही माहीत नव्हतं. मी टोमॅटो धरला आणि दुपारपर्यंत त्या खोलीत सगळ्यांत वेगात बाण माझा पळत होता.

मग त्यांनी मोबाइलवर बारकोड वाचायला शिकवलं. पुस्तकाला रेघारेघांची चिकटपट्टी लावायची, मोबाइलचा कॅमेरा तिच्यावर धरायचा, टीं आवाज झाला की पुस्तकाची नोंद झाली. ती नोंद त्याच क्षणी वाशीमला दिसते, मंगरूळपीरला दिसते, सगळीकडे दिसते. त्या टीं आवाजानं मला नशाच चढली. परत येताना बसमध्ये मी बिस्किटाच्या पुड्यावर कॅमेरा धरला, शेजारच्या बाईच्या खोकल्याच्या औषधावर धरला. "नोंद सापडली नाही," असं मोबाइल म्हणे आणि मी एकटीच हसे. बाई खिडकीकडे सरकली.

चिकटपट्ट्या उरल्या होत्या. आमचे हे शेतात डबा नेतात आणि तिथेच विसरून येतात, आठवड्याला एक तरी डबा जातो. मी डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी लावली, यादीत 'जेवणाचा डबा' अशी नोंद केली आणि ह्यांच्या नावावर दिला, मुदत एक दिवस. लेखकाचं नाव भरल्याशिवाय यादी पुढे जाऊ देईना, म्हणून माझं टाकलं. दुसऱ्या दिवशी ह्यांना शेतात संदेश गेला: आपली परतीची मुदत संपली आहे, कृपया त्वरित जमा करावे. हे धावत घरी आले. डबा घेऊन आले! लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या ओरडण्यानं जे झालं नाही ते त्या संदेशानं झालं.

चार दिवसांनी मंगरूळपीरच्या एका वाचकानं 'जेवणाचा डबा'साठी मागणी नोंदवली. त्याला ती कादंबरी वाटली असावी. सरांचा फोन आला.

"मॅडम, हा डबा काय प्रकार आहे?"

"सर, ते घरगुती आहे."

"काढून टाका."

"त्या माणसाला काय सांगू? वाट पाहत असंल बिचारा."

सरांना हसू आवरेना. मीही हसले. त्या वेळी आमचं बरं होतं.

आता मुख्य गोष्ट. प्रशिक्षणात मी विचारलं होतं, "सर, वरूनचं कुठं भरायचं?" ते म्हणाले, "वरूनचं म्हणजे?" मी म्हटलं, "एका पुस्तकासोबत दुसरं जाते ते." सर घाईत होते. "मॅडम, जे पुस्तक दारातून बाहेर पडतं ते प्रत्येक भरायचं." मी तेच केलं. प्रत्येक कादंबरीला टीं, तिच्यासोबतच्या प्रत्येक कवितेला टीं. काडीचीही लबाडी नाही.

तीन महिन्यांनी यादीनं आपोआप एक चित्र काढलं. कोणत्या वाचनालयातून कोणत्या विषयाची पुस्तकं किती गेली, त्याचे रंगीत खांब. कवितेच्या चित्रात बाकी सगळ्यांचे खांब चटईच्या जाडीएवढे, आणि आमच्या गावाचा खांब पडद्याच्या वर जाऊन चिकटलेला. शहरांतली वाचनालयं खाली, आणि सोयाबीन आणि तुरीत बुडालेलं आमचं गाव वर! सरांचा फोन आला.

"मॅडम, तुमचं गाव कविता वाचतंय."

मी खोटं बोलले नाही, आणि गिऱ्हाईक स्वतःहून मालाची तारीफ करत असताना मध्ये बोलायचं नसतं हे मला दहाव्या वर्षी कळलं होतं.

सर पाहुणे घेऊन आले. वाशीमचे तिघं, शाल, नारळ, फोटो काढणारा. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मास्तर, ते इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. पाहुण्यांनी किराणावाल्याला धरलं. तो भुताच्या कादंबऱ्यांचा वाचक, हातात वरूनचं पुस्तक.

"कवितेत तुम्हाला काय भावतं?"

त्यानं पुस्तक तळहातावर तोललं. दुकानदार माणूस, हात आपोआप तोलतो. "हे पाहा, वजनच नाई. उचललं का कळत बी नाई."

पाहुण्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. मी कपाटामागे जाऊन पदर तोंडात कोंबला. मग त्यांनी गिरणीवाल्या काकूला विचारलं. ती म्हणाली, "मले टाइम नाई, गिरणीचा पट्टा चालू हाय," आणि निळं पुस्तक पिशवीत टाकून निघून गेली. मला वाटलं, वाचली बाई, आपली लाज राखली.

चहाच्या वेळी सरांनी विषय काढला. त्यांना वाशीमला कवितेचं दालन करायचं होतं. काचेची कपाटं आली होती. "ज्या पुस्तकांनी एक गाव वाचतं केलं तीच पुस्तकं तिथे ठेवायची, मॅडम. वर तुमच्या गावाचं नाव. आम्ही बदल्यात दुसरी पुस्तकं देतो."

माझ्या अंगात बाजार संचारला. ज्या मालाला मी ढकलून ढकलून हलवत होते, तो मागायला गिऱ्हाईक शाल घेऊन आलं होतं.

"एकाला दोन," मी म्हटलं.

"एकाला चार देतो," सर म्हणाले.

इथे मी थांबायला हवं होतं. घेणारा माणूस स्वतःहून भाव वाढवतो तेव्हा त्याच्या पोत्यात काय आहे ते हात घालून पाहावं. पण त्रेचाळीस चोक एकशे बाहत्तर हा गुणाकार माझ्या डोक्यात इतका मोठ्यानं वाजला की दुसरं काही ऐकू आलं नाही. "कादंबऱ्या पाहिजेत," मी म्हटलं. "आहेत." "कधी पोचतील?" "आज संध्याकाळच्या आत." त्यांनी टॅब पुढे केला, त्यावर बारीक अक्षरांची लांबलचक पानं सरकत होती. मी बोटानं सही केली. बोटानं सही करता येते याचाच मला इतका आनंद झाला की मी दोनदा केली. मास्तरांनीही केली.

पुस्तकं गाडीत गेली. मी तीन कप्पे रिकामे केले, ओल्या फडक्यानं पुसले आणि रस्त्याकडे तोंड करून टेम्पोची वाट पाहत बसले. टेम्पो आला नाही. पाच वाजता मोबाइलवर टीं झालं. एक दुवा आणि एक पासवर्ड. एकशे बाहत्तर ई-पुस्तकं, एका वेळी एकाच उपकरणावर उघडतील.

मी फोन लावून ओरडले. सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, पुस्तकं पोचली की नाही संध्याकाळच्या आत? जागा पण अडत नाही."

खोटं कसं सांगू, पहिले काही दिवस मजाच आली. पासवर्ड एकाच ठिकाणी चालतो म्हटल्यावर माझ्या मोबाइलभोवती दुपारी आठ-आठ बाया बसू लागल्या. एक वाचायची, बाकीच्या ऐकायच्या. खून झालेल्या घरात पोलीस शिरले की एकजण म्हणायची, "थांब व, आवाज मोठा कर," आणि वाचणारी म्हणायची, "मोठा काय करू? म्याच वाचून राह्यली ना!" खुनी कोण यावर पैज लागायची. पान सरकवताना कोणाचं तरी बोट जोरात लागायचं आणि खुनी एकदम पकडलेलाच निघायचा, मग भांडण. मला वाटलं, चला, सौदा अगदीच बुडाला नाही. या आनंदात मी सरांना 'धन्यवाद' असा संदेशसुद्धा पाठवला. तो आजही त्यांच्याकडे आहे आणि ते तो मला दाखवतात.

मग काकू आली. कादंबरीच्या घोळक्यात बसली नाही. टेबलापाशी उभी राहिली.

"वरूनचं दे."

"आता वरून नाई काकू. सुटली तू."

"सुटली म्हंजे?"

"वाशीमले गेली सारी. काचेच्या कपाटात."

"निळंवालं बी?"

"निळंवालं बी."

ती बाकावर बसली. पिठाचा ढग उडाला. "माहं अर्धं राह्यलं," ती म्हणाली.

मला वाटलं कादंबरीचं म्हणते आहे. तसं नव्हतं. ती सांगत गेली. एक दळण व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक कविता वाचून होते. पट्टा चालू असताना गिरणीत कानठळ्या बसतात, शेजारी उभ्या माणसालासुद्धा काही ऐकू येत नाही. म्हणून ती मोठ्यानं वाचायची, पूर्ण गळा काढून. नवरा गेल्यापासून घरात मोठ्यानं बोलायला कोणी नाही आणि गावात बोलली तर लोक काय म्हणतील. एक कविता चार-चार, पाच-पाच दळणं पुरवायची. तोंडपाठ झाल्यावरच पुढची.

"मले वाटलं कुठं जाते थे पुस्तक," ती म्हणाली. "कोणी नेतच नोतं. म्हणून घाई नाई केली."

मी मोबाइलवर तिचं खातं उघडलं. इतके महिने टीं टीं करत होते, पण कोणी काय काय नेलं ते एकदाही बघितलं नव्हतं. निळं पुस्तक, निळं पुस्तक, निळं पुस्तक. ओळीनं तेच. माझ्याच हातानं भरलेलं. ज्या नोंदी मी मनातून फुकटच्या समजत होते त्या खऱ्या होत्या, निदान तिच्या तरी. आणि मी तिचा माल तिला न विचारता विकला होता.

"आणतो मी," मी तिला म्हटलं. माहेरी बाया 'आणते' नाही, 'आणतो' म्हणतात; ती बोली अशा वेळी तोंडात येतेच. "तुहं पुस्तक आणतो परत."

दुसऱ्या दिवशी बसनं वाशीमला गेले. दालन सुंदर होतं. काचेआड माझी पुस्तकं, वर आमच्या गावाचं नाव, शेजारी किराणावाल्याचा फोटो आणि त्याखाली कवितेच्या हलकेपणाबद्दल त्याचे म्हणे शब्द. निळं पुस्तक दुसऱ्या रांगेत, उघडून ठेवलेलं. उघड्या पानावर पिठाचा अंगठा दिसत होता. कपाटाला कुलूप. किल्ली सरांकडे, सर बाहेरगावी. तिथल्या बाई म्हणाल्या, "ही फक्त पाहण्यासाठी आहेत. घरी देत नाहीत." मी म्हटलं, "मग वाचतं कोण?" त्या म्हणाल्या, "लोक येऊन फोटो काढतात."

घरी येऊन मी सरांनी शिकवलेलं सगळं सरांवरच चालवलं. ऑनलाइन यादीत जाऊन त्रेचाळीस पुस्तकांना त्रेचाळीस मागण्या नोंदवल्या. 'उपलब्ध नाही' असं आलं की पुन्हा नोंदवल्या. अभिप्रायाच्या जागी एक तारा दिला. खाली लिहिलं, माल कोंडून ठेवला आहे. बाकीच्या दहा-अकरा वाचनालयांतल्या माझ्या सोबतच्या प्रशिक्षणार्थींना फोन करून त्यांच्याकडूनही मागण्या टाकायला लावल्या. त्यांनी आनंदानं टाकल्या, मंगरूळपीरच्यांनी तर विचारलं, डबाही परत येणार का.

सरांचा फोन तिसऱ्या दिवशी आला.

"मॅडम, असं करू नका. यादी बंद पडते."

"निळं पुस्तक द्या, बंद करते."

"कोणतं निळं?"

मी नाव सांगितलं. "त्याचे फोटो काढून पाठवतो, एकेका पानाचे," ते म्हणाले.

"तिच्याकडे बटणाचा फोन आहे. आणि तुमचा मोठा फोन दिला तरी गिरणीत पिठानं दोन दिवसांत मरेल. कागदाला पीठ लागलं तर झटकता येते."

"एका वाचकासाठी दालन मोडता येत नाही, मॅडम. तुम्ही सही केली आहे. दोनदा केली आहे."

इथे मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मास्तर शेजारच्या खोलीतून उठून बाहेर गेले.

आणि काल यादीतून माझ्याच नावावर एक पत्र आलं. पाठवणारे सर. आपल्या केंद्रातील कवितावाचन शून्यावर आले आहे, तरी खालीलपैकी कारण निवडून खुलासा करावा. चार पर्याय होते: वाचकांची अनास्था. कर्मचाऱ्याचे दुर्लक्ष. पुस्तकांची खराब अवस्था. इतर. मी इतका वेळ हसले की ह्यांनी पाणी आणून दिलं. मग इतरवर बोट ठेवलं. दोन ओळींची चौकट उघडली आणि तिसऱ्या ओळीला मोबाइलनं मला थांबवलं. म्हणून हे सगळं इथे कागदावर लिहिलं आहे.

सर, खुलासा मी देणार नाही. तो तुम्ही द्यायचा आहे. ज्या पुस्तकाचा एकच वाचक होता ते तुम्ही त्या वाचकाकडून काढून काचेत ठेवलंत, आणि आता मलाच विचारता की वाचन का थांबलं. काकू रोज दुपारी येते, टेबलापाशी उभी राहते आणि मी काही बोलायच्या आत परत जाते. तिला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा आणि गिरणीत जाऊन स्वतः सांगा. पट्टा चालू असतो, मोठ्यानं बोलावं लागेल. बोला सर, कोणत्या बसनं येता?